सात दातांचं पिनियन

आमच्या गॅरेजांच्या लायनीत शेवटून दुसरा गाळा त्याचा. पाटी नव्हती, पण विचारत आलेला माणूस कधी चुकला नाही. सगळे त्याला 'दातांचा डॉक्टर' म्हणायचे. ट्रकच्या एक्सलमधल्या डिफ्रन्शियलचं कवच, म्हणजे हाउसिंग, उघडायचं, आतली दातेरी चाकं काढायची, घासलेली बदलायची, एकमेकांत नीट बसवायची, एवढंच काम तो करायचा. इंजिनाला हात लावायचा नाही, ब्रेकला नाही. एकदा कोणीतरी थट्टेने एका म्हाताऱ्या गृहस्थांना खरोखरच गाल सुजलेल्या अवस्थेत त्याच्याकडे पाठवलं. त्याने त्यांना स्टुलावर बसवलं, तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे हाउसिंगसकट उतरवावं लागेल. माझ्याकडे नाही व्हायचं." मग हात धुऊन त्यांना आपल्या डबड्या पिकअपमधून खऱ्या दवाखान्यात सोडून आला. परत आल्यावर, कोणी पाठवलं होतं हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

मी त्याच्या समोर वजनकाट्यावर बसतो. सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्याच्या माळ्यावरच्या खोलीत तीन-चार वेळाच गेलो असेन. लोखंडी जिना, एक खाट, खिडकीशी एक खुर्ची, भिंतीवर खिळ्याला टांगलेला धुतलेला शर्ट. वय त्रेपन्न. लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे ठरलं होतं एकदा, एवढं ऐकून होतो. सुट्टीच्या दिवशी सगळी लाइन बंद असली तरी तो शटर अर्धं वर करून आत बसलेला असायचा. काम नसायचं. बाहेरून फक्त त्याचे गुडघे दिसायचे.

त्या वर्षी थंडी संपता संपता एक मोठा, जुना लष्करी ट्रक कण्हत कण्हत लायनीत शिरला. चारही चाकांना ताकद जाणारा. मागे पांढरी पेटी बसवलेली, पेटीवर डोळ्याचं चित्र. चालवत होती एक बाई, चाळिशीची, केस कापलेले, बाह्या दुमडलेल्या. खाली उतरून तिने मला विचारलं, "दातांचे डॉक्टर कुठे बसतात?"

"तुम्ही कोण?"

"मी डोळ्यांची डॉक्टर," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

मी तिला पलीकडे नेऊन पोचवलं आणि काट्यावर गर्दी नव्हती म्हणून तिथेच रेंगाळलो. बाईंचं म्हणणं असं. डोंगरापलीकडे सात-आठ वस्त्या आहेत. तिथली म्हातारी माणसं मोतीबिंदूने आंधळी होऊन घरात बसून आहेत, आणि खाली उतरून येणं त्यांना झेपत नाही. म्हणून त्यांनी ऑपरेशनची खोलीच ट्रकवर चढवली. पण ट्रक डोंगर चढेना. दोनदा अर्ध्या चढावर क्लच जळाला. दुसऱ्या वेळी टायर फुटला आणि पाच तास दगडांत बसावं लागलं.

"टायर नवीन आहेत हो," बाई म्हणाल्या. "मुद्दाम मोठे टाकले. वाळूत रुतू नयेत म्हणून."

तो ट्रकभोवती एक फेरी मारून आला. टायरवर हात फिरवला. मग विचारलं, "वाळू किती आहे वाटेत?"

"नदीपात्रात. अर्धा तास."

"आणि दगड?"

"साडेतीन तास."

"मग अर्ध्या तासासाठी साडेतीन तासांचं वाटोळं केलंत."

बाईंना राग येईल असं मला वाटलं. त्या खाली बसून टायर बघायला लागल्या. तोही शेजारी उकिडवा बसला आणि बोटाने धुळीत दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं. मी त्याला इतकं सलग बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"हे लहान ते पिनियन, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या, शाफ्टच्या टोकाला असतं. नऊ दात. हे मोठं ते क्राऊन, चाक फिरवतं. एकेचाळीस दात. म्हणजे शाफ्टने साडेचार फेरे मारले की चाक एकदा फिरतं. जेवढे फेरे जास्त, तेवढी गाडी सावकाश, पण जोर जास्त. बरोबर? आता मूळ चाक होतं चाळीस इंच उंच. तुम्ही घातलंत अठ्ठेचाळीस. एका फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त पुढे पडायला बघते. इंजिन तेच, दात तेच. लहान पोराच्या सायकलला थोरल्या माणसाची चाकं लावली आणि वर पाठीवर पोतं दिलं, तर ते पोर चढावर काय करणार?"

"उतरून ढकलणार."

"तुमचा क्लच तेच करतोय. वजन किती आहे गाडीचं?"

"कागदावर सात टन."

"कागद चढ चढत नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "काट्यावर घे."

भरलेल्या टाक्यांसकट, औजारांसकट, बाईंसकट ट्रक काट्यावर घेतला. आधी सगळा, मग फक्त पुढची चाकं, मग मागची, मग एकेक बाजू. सात टन कुठले, नऊ टन शंभर किलो निघाले. मागच्या डाव्या चाकावर सव्वातीन टन, उजव्यावर पावणेतीन. पाण्याची टाकी आणि जनरेटर दोन्ही डावीकडे बसवलेले. त्याने टायरच्या कुशीवरचा, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचा, बारीक आकडा पुसून वाचला. तो टायर अडीच टनांपुरताच होता.

"फुटला नसता तरच नवल," तो म्हणाला. "टाकी उजवीकडे घ्या. टायर त्रेचाळीस इंचांचे, अरुंद, कडक कुशीचे, साडेतीन टन सहन करणारे. वाळू आली की उतरायचं, हवा कमी करायची, सावकाश पार व्हायचं, पलीकडे परत भरायची. आळस करायचा नाही. कमी हवेवर दगडात गेलात तर कूस कापली जाईल."

"आणि दात?"

त्याने बोटाची धूळ फडक्याला पुसली. "नवाचे सात करायचे," तो म्हणाला. "सात आणि एकेचाळीस. मग शाफ्टचे जवळजवळ सहा फेरे पडतील. सपाट रस्त्याला गाडी रडेल, पण चढावर माणसाच्या चालीने चढेल आणि उतारावर ब्रेक न लावता धरून राहील. पण दोन जोड लागतील, पुढच्या एक्सलचा आणि मागचा, दोन्ही सारखे. एक सात आणि एक नऊ चालत नाही. दोघांनी मिळून कपाट उचललं आणि एकजण पळत सुटला तर काय होईल, तसं होतं. मध्ये काहीतरी तुटतं."

"मिळतील?"

"बघतो," तो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस तो भंगारबाजार पालथा घालत होता. रोज सकाळी पिकअप घेऊन जायचा, दुपारी रिकामा यायचा. हा जुना जोड आता कोणी बनवत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. बाईंनी टायर आणले, टाकी हलवून घेतली, आणि रोज फोन करून विचारायच्या. त्या काय म्हणतात ते त्याने मला एकदाच सांगितलं. "वरच्या वस्तीतली एक आजी रोज विचारते म्हणे, गाडी कधी येणार. सून तिला भिंतीला दोरी बांधून देते, बाहेर जाण्यापुरती."

त्यानंतरचं सगळं मला पुढे कळलं, त्याच्याकडूनच, तेही तुकड्यातुकड्याने. ते इथेच सांगितलं पाहिजे.

तो जोड कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या थोरल्या भावाकडे. दादा म्हणायचा तो त्याला. दादा ट्रक चालवायचा, अगदी याच जातीचा, खाणीतून दगडी फरश्या आणायला. अकरा वर्षांपूर्वी दादाला मोठ्या सपाट रस्त्यावरचं काम मिळालं आणि त्याने धाकट्याला सांगितलं, "ही गाडी बैलासारखी चालते रे. जरा पळती कर." याने सातांचे दोन्ही जोड काढले, नवांचे घातले. काढलेले जोड तेलाच्या फडक्यात गुंडाळून दादाला दिले. चार महिन्यांनी दादाला पुन्हा एक खेप डोंगरातली आली. भरल्या गाडीने उतरताना ब्रेक तापून गेले. दादाने गाडी दरीकडे जाऊ न देता कातळावर घातली. जीव वाचला. डावा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात हा उशाशी बसलेला असताना दादा एवढंच म्हणाला होता, "गाडीने धरलंच नाही रे."

त्यानंतर कोणी काही म्हणालं नाही. म्हणायला नको होतं. दातांचं काम ज्याने केलं त्याला त्या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. सातांवर असती तर गाडी उतारावर धरून राहिली असती, हे तो इतर कोणाहीपेक्षा जास्त जाणत होता. महिनाभर दवाखान्यात गेला. मग दादाच्या घरी आठवड्याने, मग महिन्याने. वहिनीला दादाच्या शर्टाची बटणं लावताना पाहिलं की हा उठून अंगणात जायचा. लग्न ठरलेलं होतं, ते त्याने पुढे ढकललं, पुन्हा ढकललं, आणि तिसऱ्यांदा मुलीच्या वडिलांनीच निरोप धाडला. मग त्याने दादाकडे जाणंच सोडलं. नऊ वर्षं. अंतर फक्त दोन तासांचं.

सोळाव्या दिवशी तो गेला.

घराच्या मागे तोच ट्रक उभा होता, चाकं गेलेली, लाकडी ठोकळ्यांवर. केबिनमध्ये कोंबड्या. दादा ओट्यावर बसून गुडघ्यात डबा धरून एका हाताने त्याचं झाकण उघडायची खटपट करत होता. मान वर केली, पाहिलं, आणि म्हणाला, "ये."

वहिनी बाहेर आली. "भाऊजी!" म्हणाली आणि पदराने हात पुसत तशीच उभी राहिली. मग पटकन आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. बारीक झालात, एकटेच आलात का, जेवून जा, असं सगळं एका दमात बोलली.

याने बसायच्या आधीच काम सांगून टाकलं. ते जोड हवेत. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंच्या गाडीला. डोंगर चढायचाय.

दादा उठला. आत जाऊन एकेका खेपेला एक अशी दोन पोती त्याने ओढत आणली, मदत करू दिली नाही. फडकी सोडली. तेल वाळून चिकट झालं होतं, पण दात नव्यासारखे. अकरा वर्षांत कितीदा तरी ते कोणीतरी पुसले होते हे याच्या लगेच लक्षात आलं. नाहीतर गंज धरला असता.

"मी पुसायचो," दादा म्हणाला. "दर वर्षी."

"कशाला?"

दादाने पुन्हा तो डबा हातात घेतला. तेव्हा वहिनी दारातून म्हणाली, "सांगा आता. मी किती वर्षं म्हणतेय, सांगून टाका. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"तू आत जा."

"नाही जाणार. त्यांचं लग्न मोडलं त्यापायी."

दादा खाली बघत बोलला. "गाडी गिअरमध्ये नव्हती."

याला आधी नीट ऐकू आल्यासारखं वाटलं नाही. "म्हणजे?"

"गिअर काढून सोडली होती. न्यूट्रल. तू पळती करून दिली होतीस ना, मजा वाटायची. रिकामा रस्ता, मोकळा उतार. म्हटलं, जाऊ दे सुटत. मग गिअर पडेना. सात असते काय आणि नऊ असते काय, गिअरमध्येच नव्हती तर धरणार काय कपाळ."

कोंबड्या केबिनच्या दारातून खाली उतरल्या, पुन्हा चढल्या. याने विचारलं ते मेस्त्र्यानेच विचारावं असं होतं. "कुठून सोडलीस?"

"वरच्या पहिल्या वळणापासून."

"पहिल्याच?"

"हो."

"मला म्हणालास, गाडीने धरलं नाही."

"शुद्धीवर आल्या आल्या म्हणालो ते. तुझं तोंड बघितलं आणि पुढचं बोलायचं राहिलं. मग वाटलं, उद्या सांगू. मग तू यायचा बंद झालास." दादाने पहिल्यांदा वर पाहिलं. "खरं सांगू? बरं वाटलं तू येत नव्हतास ते. आला असतास तर सांगावं लागलं असतं."

हा ओरडला नाही. ओरडायला पाहिजे होतं, असं मला त्याने नंतर सांगितलं. ओरडता आलं नाही. त्याने दोन्ही पोती पिकअपमध्ये ठेवली, वहिनीला येतो म्हणाला आणि निघाला. वहिनी रस्त्यापर्यंत मागे मागे आली होती. वाटेत एके ठिकाणी त्याने गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला. "वाटलं होतं हलकं वाटेल," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी त्या चुकीबरोबर राहिलो. सकाळी उठलो की ती असायची, झोपताना असायची. ती माझी नव्हतीच म्हटल्यावर मग माझं काय होतं? ती खोली आणि ती खुर्ची."

दुसऱ्या दिवसापासून तो बाईंच्या ट्रकखाली होता. दोन्ही एक्सल उघडले, नवांचे जोड काढले, सातांचे घातले. दातांना निळा लेप लावायचा, हाताने फिरवायचं, दात दाताला कुठे भिडतो तो ठसा बघायचा, पत्र्याची पातळ चकती काढायची किंवा घालायची, पुन्हा फिरवायचं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. एरवी एका दिवसाचं काम त्याने चार दिवस केलं.

पाचव्या दिवशी जुन्या खाणीच्या उतारावर गाडी नेली. मीही मागे पेटीत, केबिनकडे उघडणाऱ्या खिडकीशी बसलो. बाई चालवत होत्या, तो शेजारी. चढावर ट्रक खरोखर माणसाच्या चालीने चढला. खालून दगड खडखडत होते, पण इंजिनाचा सूर बदलला नाही. वर पोचल्यावर तो म्हणाला, "आता पहिल्या गिअरमध्ये खाली. ब्रेकवर पाय नाही ठेवायचा."

"अजिबात?"

"अजिबात नाही. गिअरला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी गिअर काढायचा नाही."

हे शेवटचं तो जरा मोठ्याने बोलला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. ट्रक खाली उतरायला लागला. नऊ टनांचा ट्रक. एकदाही सुटला नाही. तळाशी पोचल्यावर तो उतरला, पुढे चालत गेला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला. आम्हीही उतरलो नाही.

नंतर तो टायरमधली हवा मोजत होता तेव्हा बाई म्हणाल्या, "मेस्त्री, मापक असं तिरकं का धरता?"

"सवय."

"डावा डोळा झाका. वाचा बघू."

त्याला वाचता येईना. तिथेच पेटीत नेऊन त्यांनी डोळा तपासला. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. किती दिवस बोटांनी काम करत होता कोण जाणे. बाई म्हणाल्या, "डोंगरावरून आले की तुमचं पहिलं करते. पण नंतर आठ दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ-तेलाच्या जवळ जायचं नाही. दिवसातून सहा वेळा थेंब टाकायचे, आणि स्वतःचे स्वतः टाकायचे नाहीत, बाटली डोळ्याला लागते. घरी कोण असतं?"

मी तिथेच उभा होतो. सतरा वर्षांचा शेजारी. मी टाकीन, असं म्हणायला हवं होतं. मला काटा सोडता येत नाही, घर लांब आहे, ही कारणं मनात तयार होईपर्यंत तो बोलून गेला, "बघतो."

त्याने वहिनीला फोन केला. दादाला नाही. काय बोलणं झालं माहीत नाही. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लायनीच्या तोंडाशी बस थांबली आणि खांद्याला पिशवी अडकवलेला, एक बाही दुमडून पिन लावलेला माणूस उतरून दातांच्या डॉक्टरचा गाळा विचारायला लागला.

दादा आठ दिवस राहिला. मी दुपारी वर जायचो. डोळ्यावर पट्टी असली की माणूस बोलतो, म्हणून एवढं सगळं मला कळलं. दादा असला की मात्र तो गप्प असायचा. थेंब टाकायला दोन हात लागतात, एक पापणी ओढायला, एक बाटली दाबायला. दादाकडे एकच. म्हणून खाटेवर उताणा पडून हा स्वतःच्या बोटाने पापणी खाली ओढून धरायचा आणि दादा वरून बाटली दाबायचा. पहिल्या दिवशी निम्मे थेंब कानात गेले.

"हलू नकोस."

"मी नाही हलत. तुझा हात हलतोय."

"एकुलता एक आहे, सांभाळून घे."

तेव्हा तो हसला. नाइलाजाने, पण हसला. मग याने तोंड भिंतीकडे केलं, दादाने खिडकीकडे. हसू आल्याचा दोघांनाही राग आल्यासारखे.

पुढच्या काही आठवड्यांत बाईंचा ट्रक डोंगरावर तीनदा जाऊन आला. दोरी धरून चालणाऱ्या त्या आजीचं ऑपरेशन झालं. बाईंनी सांगितलं की पट्टी काढल्यावर ती सुनेकडे बघून म्हणाली, "किती वाळलीस गं." तो ऐकून "बरं झालं" म्हणाला आणि त्याने टायरची कूस तपासली.

दादा नवव्या दिवशीच घरी परत गेला होता. जाताना म्हणाला, "चल तिकडे. एक खोली रिकामीच आहे. वहिनी तुझी वाट बघतेय."

"बघू," हा म्हणाला.

गेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "राग आहे अजून. मी म्हणतो जा, तर जात नाही. आणि त्याच्याशिवाय मला कोणी नाही हेही आहे. दोन्ही एकदम कसं वागवायचं ते मला कळत नाही. दातांचं कळतं. हे नाही."

आता दर बुधवारी संध्याकाळी दादाचा फोन येतो. मला काट्यावरून दिसतं. दोन-तीन मिनिटं बोलणं होतं, कोणता ट्रक आला, कुठलं बेअरिंग गेलं, इतकंच. त्याचं ऑपरेशन चांगलं झालं आहे. लांबूनच नंबरप्लेट वाचतो आता. फोन खिशात ठेवून तो थोडा वेळ दारातच उभा राहतो, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो, आणि मग शटर ओढून जिना चढून वर जातो.